क्यूसाठी चामड्याची पेटी शिवून घेताना

सुरुवातीलाच एक शब्द बाजूला ठेवतो. पूल या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायची काठी म्हणजे क्यू, आणि तो ठेवायच्या पेटीला क्लबात आणि दुकानात सगळे 'केस' म्हणतात. पण मराठीत केस एक तर डोक्यावर असतात, नाहीतर कोर्टात. म्हणून मी इथे पेटीच म्हणणार आहे. लोकल गाडीत खांद्याला अडकवून निघालात तर शेजारचा तसंही विचारतोच, "काय आहे हो आत? बंदूक की बासरी?"

माझी पहिली पेटी रेक्झिनची होती. परदेशातून आलेली, काळी, चकचकीत, आत लाल मखमल. दोन पावसाळे काढले आणि कोपऱ्यांवर पापुद्रे सुटायला लागले. तिसऱ्या वर्षी दादरच्या पुलावर पट्ट्याची कडी उपटली गेली आणि पेटी जिन्यावरून गडगडत खाली. शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाच्या, टोकाला टिपखाली जे कडं असतं तो फेरूल तडकला. त्याच दिवशी स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे गेलो. त्यांनी कडीजवळचा भाग बोटांनी ताणून पाहिला, आरी एकदा घालून बाहेर काढली आणि म्हणाले, "याला टाका धरत नाही." वरचा थर प्लॅस्टिकचा आणि त्याखालचं कापड कुजलेलं. सुई जाईल तिथे भोक मोठं होत होतं.

पेटी निवडताना मी आजही तोच एक प्रश्न विचारतो: हिला पाच वर्षांनी टाका धरेल का? देशात बनलेली पेटी घ्या, असं मी सांगतो ते याच कारणाने. त्यात देशाभिमान वगैरे काही नाही. पेटी कधी ना कधी उसवणारच. ज्याने शिवली तो माणूस, किंवा त्याच चामड्यावर काम करणारा दुसरा कोणी, एका दिवसाच्या प्रवासात भेटणार असेल तर ती पेटी वीस वर्षं चालते. नाहीतर पहिली कडी तुटली की कचऱ्यात.

आधी क्यू मोजा, मग दुकानात जा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. पूल क्यू साधारण ५७ ते ५८ इंचांचा असतो आणि मधोमध उघडतो, म्हणजे बट (मागचा जाड भाग) आणि शाफ्ट प्रत्येकी २९ इंचांच्या आसपास. एवढं वाचून '३० इंचांची पेटी पुरेल' असा हिशेब कोणी करतो आणि घरी आल्यावर झाकण लागत नाही. बटाच्या बुडाला रबराचा बंपर असतो, जॉइंटच्या, म्हणजे मधल्या जोडाच्या, स्क्रूची लांबी असते आणि त्यावर जॉइंटचं टोपण बसतं. म्हणून टोपणं लावून, बंपरसकट मोजा. माझा बट असा मोजल्यावर ३०.५ इंच भरला. आतली खोली त्याहून किमान अर्धा इंच जास्त हवी, कारण वर-खाली गादी बसणार आहे. मागे जोडायचं एक्स्टेंशन वापरत असाल तर ते बटालाच लावून ठेवणार की वेगळ्या कप्प्यात, हे आताच ठरवा. त्यावर पेटीची लांबी ३४ इंच होणार की ४०, हे ठरतं.

जाडीही मोजा. बट सगळ्यात जाड असतो तिथे ३२ ते ३३ मिलिमीटर भरतो. पूलचा शाफ्ट टोकाला १२ ते १३ मिलिमीटर असला तरी जॉइंटपाशी २१-२२ असतो आणि त्यावर टोपण चढलं की आणखी वाढतो. एक साधा व्हर्नियर कॅलिपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नसेल तर दोऱ्याने घेर मोजून ३.१४ ने भागा.

आता एक इशारा. आपल्याकडचे बहुतेक क्लब मुळात स्नूकर-बिलियर्ड्सचे. स्नूकर जन्मलाच जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. आणि बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद १९५८ मध्ये आणणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे. त्यामुळे तुम्ही 'क्यूची पेटी' म्हणालात की समोरच्याच्या डोळ्यांसमोर स्नूकरची लांब पेटी येऊ शकते. स्नूकरचा 'थ्री-क्वार्टर' क्यू मधोमध उघडत नाही. त्याचा शाफ्टच ४० इंचांहून लांब असतो. दोन्ही खेळ खेळत असाल तर एकाच पेटीत दोन्ही कोंबायचा मोह आवरा. थ्री-क्वार्टरसाठी केलेल्या पेटीत पूल क्यू ठेवला तर तो आत हातभर वर-खाली आपटत राहतो.

किती नळ्या?

पेटीच्या आत क्यूचा प्रत्येक भाग वेगळ्या नळीत बसतो. पेट्यांवर १×१, २×२, २×४, ३×५ असे आकडे असतात. पहिला आकडा बटांचा, दुसरा शाफ्टचा. नवख्याला १×१ पुरतो. खेळायचा एक क्यू आणि ब्रेकचा, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या फटक्याचा, एक, असे दोन झाले की २×२. माझं मत विचाराल तर २×४ हे सगळ्यात शहाणं माप आहे, कारण जादा शाफ्ट आणि जंप क्यूचा (चेंडू उडवायच्या आखूड क्यूचा) छोटा भाग त्यात सामावतो. ३×५ च्या वर जाऊ नका. १९ औंसांचा एक क्यू म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. दोन बट आणि चार शाफ्ट मिळून सव्वा ते दीड किलो होतात, आणि चांगली चामड्याची पेटी स्वतःच दोन-अडीच किलोंची असते. चार किलो खांद्यावर घेऊन विरारची गाडी पकडून पाहा, मग पुढचा विचार करा.

चामडं नंतर, आतलं आधी

लोक पेटी बाहेरून निवडतात. पण क्यूला बाहेरचं चामडं कधी दिसतच नाही. क्यू राहतो आत, म्हणून आतला सांगाडा कशाचा आहे ते सगळ्यात आधी विचारा.

स्वस्तातल्या पेट्यांत नळ्या पुठ्ठ्याच्या असतात. कापडाचे तागे ज्या रुळांवर गुंडाळतात तसलेच रूळ कापून आत बसवलेले. कोरड्या हवेत ते अगदी मजबूत वाटतात. मुंबईत जुलै उजाडला की त्याच नळ्या ओल पितात, फुगतात आणि शाफ्ट अडकायला लागतो. ओल पकडून ठेवणारी वस्तू लाकडाभोवती गुंडाळणं हा उलटाच धंदा. नळीच्या काठावर नखाने खरवडून पाहा. भुसा निघाला तर पुठ्ठा.

पीव्हीसीची नळी साधी, स्वस्त आणि ओलाव्याला दाद न देणारी. आपल्याकडे पाण्याचे पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखतात: ३२, ४०, ५० मिलिमीटर. कारागीर तोच पाइप वापरणार असेल तर हिशेब तुम्ही करून द्या. ५० चा पातळ पाइप आतून साधारण ४६ भरतो. त्यात दोन्ही बाजूंनी चार-चार मिलिमीटर फोम आणि कापड गेलं की उरतात ३८. बटाला उत्तम. शाफ्टसाठी ४० चा पाइप आणि तेवढंच अस्तर घेतलं की २८-२९ उरतात, तेही बरोबर. नुसता 'पाइप टाका' म्हणालात तर तो हाताला लागेल तो टाकतो आणि तुमचा शाफ्ट खुळखुळ्यासारखा वाजतो.

अस्तर हा वेगळाच विषय. मखमल दिसते छान, पण टिपला लावायच्या चॉकची निळी भुकटी तिच्या लवेत जाऊन बसते आणि प्रत्येक वेळी क्यूला घासली जाते. आखूड लवेचं, घट्ट विणलेलं कापड घ्या, जे ओल्या फडक्याने पुसता येईल. प्लॅस्टिकचा फोम थेट क्यूला लागू देऊ नका. मऊ पीव्हीसीमधली रसायनं कालांतराने बाहेर झिरपतात आणि क्यूच्या पॉलिशला चिकट डाग पडतो. असा डाग मी एका मित्राच्या बर्ड्‌स-आय मेपलच्या (ठिपकेदार मेपल लाकडाच्या) बटावर पाहिला आहे. त्यानंतर तो आठवडाभर कोणाशी नीट बोलत नव्हता.

बुडाशी काय आहे? बोट घालून नाही कळणार. बॅटरी मारून बघा. तळाला जाड, दाबली जाणारी गादी हवी आणि तिच्यावर खिळ्याचं किंवा रिबीटचं डोकं उघडं नको. शाफ्ट टिप खाली करून ठेवायची सवय असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. झाकणाच्या आतही पाऊण इंचाची गादी हवी, जी टोपणांना हलकं दाबून धरेल. ही वरची गादी नसेल तर पेटी आडवी पडली की क्यू एखाद्या घंटेच्या लोलकासारखा हलतो.

सोंगटीच्या डब्यासारखी पुस्तकागत उघडणारी पेटीही मिळते, आत फोममध्ये क्यूच्या आकाराच्या खाचा असतात. ती देखणी असते, पण चेन तुटली की सगळाच कारभार उघडा. चामड्यात करून घ्यायची तर नळीचीच घ्या.

चामडं: बोटांनी, नाकाने आणि काडीपेटीच्या ज्योतीने

इथे थोडा वेळ काढा, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते.

'जेन्युइन लेदर' हा शिक्का फारसं काही सांगत नाही. चामड्याचा वरचा, रंध्रं दिसणारा थर सगळ्यात चिवट असतो, कारण तंतू तिथे दाट विणलेले असतात. त्याच्या खालचा थर वेगळा काढून, त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन त्यावर खोटी रंध्रं छापली तरी तेही चामडं म्हणूनच विकतात. कारखान्यातले लोक त्याला 'स्प्लिट' म्हणतात. आणखी खाली गेलात तर चामड्याचा चुरा डिंकाने चिकटवून केलेले तक्ते मिळतात. ते टाका धरत नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

पारख कशी करायची? कारागिराकडून कापलेला तुकडा मागा. दुकानदाराने ठेवलेला गुळगुळीत नमुना नको, कचऱ्याच्या टोपलीतला तुकडा हवा. त्याची कड पाहा. कापडाचे धागे दिसले तर रेक्झिन. तंतू एकसारखे, दाट दिसले तर चामडं. कडेचा गाभा निळसर-राखाडी असेल तर ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं. आरपार तपकिरी असेल तर बहुधा झाडांच्या सालींच्या अर्काने कमावलेलं. मग तुकडा दुमडा. खऱ्या वरच्या थरावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर मावळतात. लेप असेल तर एकच सरळ घडी पडते. शेवटी त्याच तुकड्याची बारीक पट्टी काडीपेटीच्या ज्योतीवर धरा. केस जळल्याचा वास आला तर चामडं, प्लॅस्टिकचा उग्र वास आला आणि थेंब गळला तर ते नाही. (हे दुकानाबाहेर करा. मला एकदा हाकललं आहे.)

आता क्रोम की साल? बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात चामडं कमावण्याची रीत आपल्याकडे जुनी. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात. कातड्याची पिशवी शिवून तिच्यातच सालींचं पाणी भरून ठेवतात. हे चामडं ताठ असतं, ओलं करून वळवलं तर आकार धरतं आणि वापराने रंग गडद होत जातो. आतल्या नळ्यांशिवाय नुसत्या चामड्याचीच भिंत उभी करायची असेल तर हेच लागतं, साडेतीन-चार मिलिमीटर जाड. तोटा एवढाच, की ते पाण्याचे डाग पकडतं आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याला बुरशी लवकर येते. शिवाय त्यातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रक्रिया होऊन काळे डाग पडतात. ज्या पेटीला साध्या लोखंडी रिबिटी मारल्या असतील तिच्या प्रत्येक रिबिटीभोवती वर्षभरात काळं वलय दिसेल.

क्रोमचं चामडं मऊ, लवचीक आणि पाण्याला जास्त तोंड देणारं. पण ते स्वतःच्या जिवावर उभं राहत नाही, खाली सांगाडा लागतो. नळ्यांच्या जुडग्यावर चढवायला १.२ ते १.६ मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून जाड घेतलं तर कोपऱ्यावर वळत नाही, पातळ घेतलं तर नळीच्या कडा आतून उमटतात.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोव्यात राहणाऱ्यांनी अंगाला क्रोम घ्यावं. पुणे, कोल्हापूर, नगरकडे सालीचं चामडं बिनधास्त चालतं. नागपूरच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो, तिथे ते वाळून कडक होतं आणि वर्षातून दोनदा तेल मागतं. माझ्या पेटीत मी दोन्हींचा संगम केला आहे: अंग क्रोमचं, पट्टा आणि बुडाची टोपी कोल्हापूरच्या सालीच्या चामड्याची.

जनावर कोणतं, हेही विचारा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या जाड चामड्यात म्हशी-रेड्याचाच भरणा. म्हशीच्या चामड्याचा पोत भरड असतो, पण चिवटपणात ते कमी नाही. शेळीचं चामडं सुंदर आणि पातळ, खिशांना ठीक. शांतिनिकेतनचं रंगीत, ठसे उमटवलेलं चामड्याचं काम पाहून जीव अडकतो, पण ते अंगाला नको, आतल्या चॉकच्या पाकिटाला छान दिसेल.

आणि एक गोष्ट, जी कारागीर आपणहून सांगत नाही: कातड्याचा कुठला भाग? पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. पट्टा पाठीच्या बाजूने, कण्याला समांतर कापलेला हवा. पोटाच्या भागातून काढलेला पट्टा सहा महिन्यांत दोन इंच लांबतो आणि पेटी गुडघ्यावर आपटायला लागते. मी कोल्हापूरला पट्टा करून घेताना हे विचारलं तर कारागीर हसले. "पाठीचंच देतो की. पोटाचं काय, ते चपलेच्या आत जातंय."

टाके, पट्टा, कड्या

दोरा सुती असेल तर नको म्हणा. घामाने आणि ओलीने तो कुजतो. मेण लावलेला जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टर हवा. एका इंचात सहा ते आठ टाके योग्य. त्याहून दाट टाके देखणे दिसतात, पण चामड्याला छिद्रांची रांग पडते आणि तिकिटासारखं फाटतं. मशीनच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की ओळ सुटत जाते. हाताने दोन सुयांनी घातलेल्या टाक्यात प्रत्येक टाका स्वतंत्र धरतो. सगळी पेटी हाताने शिवून मागू नका, परवडणार नाही. पण चार जागा मागा: पट्ट्याच्या दोन्ही कड्या, मूठ आणि झाकणाचा बिजागरीसारखा वळणारा भाग.

कडी नुसती वरच्या चामड्याला शिवलेली असेल तर पेटी परत ठेवा. माझी पहिली पेटी तशीच गेली. कडीचा पट्टा अंगावर लांबवर, शक्यतो बुडापर्यंत उतरलेला हवा आणि मागून वायसर देऊन तांब्या-पितळेच्या रिबिटीने आरपार धरलेला हवा. वरची कडी पेटीच्या तोलाच्या जागेच्या बऱ्याच वर हवी, नाहीतर झाकण उघडं असताना पेटी खांद्यावर उलटते आणि क्यू प्लॅटफॉर्मवर.

लोहचुंबक खिशात ठेवा. कडीला, बकलाला चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचा पितळी रंग मुलाम्याचा. चिकटला नाही म्हणजे पितळच, असं मात्र समजू नका. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही चुंबक धरत नाही आणि तोच धातू झटका बसल्यावर बिस्किटासारखा तुटतो. बकलाच्या मागच्या बाजूला चाकूने बारीक ओरखडा काढून पाहा. खाली राखाडी दिसलं तर जस्त. कडी वाकवून जोडलेली असेल तर सांधा डाग दिलेला आहे ना, ते बघा.

चेन लागणार असेल तर मोठ्या दातांची घ्या, आणि रनर दोन असले तर उत्तम. पेटीत सगळ्यात आधी मरणारी वस्तू चेनच असते. ती बदलता येईल अशी शिवलेली आहे का, हे विचारलंत तर कारागिराला कळतं की गिऱ्हाईक कच्चं नाही.

देशात कुठे?

तयार माल घेणार असाल तर ऑनलाइन विक्रेत्याला वस्तूचा मूळ देश दाखवावा लागतो, २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे. तो रकाना वाचा. 'भारतीय ब्रँड' आणि 'भारतात बनलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याला फोन करून एवढंच विचारा: पुढल्या वर्षी चेन बदलून द्याल का, आणि कुठे? जिथे शिवली जाते तिथला माणूस लगेच उत्तर देतो. आयात करणारा 'कळवतो' म्हणतो.

पण खरी मजा करून घेण्यात. धारावीतल्या चामड्याच्या कारखान्यांना निर्यातीच्या बॅगा शिवायची सवय आहे. सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत विचारत गेलात की मागच्या गल्लीतल्या कामाच्या जागेपर्यंत पोचता येतं. त्यांच्याकडे क्रोम चामडं, चेन, कड्या, अस्तर सगळं एका हाकेवर. अडचण एवढीच, की एक नग शिवायला कोणी फारसं उत्सुक नसतं. दोन-तीन खेळाडूंनी मिळून एकाच मापाच्या तीन पेट्या सांगितल्या तर बोलणं लगेच सुरू होतं.

कोल्हापूरला चप्पल लाईनीत पट्टा आणि बुडाचं काम करून मिळतं, ताठ चामड्याचा हात तिथे आहेच. कानपूर खोगीर-लगामांसाठी नावाजलेलं, त्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. घोड्याच्या लगामाला जो टाका चालतो तो क्यूच्या पट्ट्याला सहज चालतो, त्यामुळे तिकडे कोणी ओळखीचं असेल तर जाड पट्टा आणि बकल तिथूनच मागवा. तमिळनाडूत आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट ही चामडं कमावणारी गावं. धारावीतला कारागीर 'चेन्नईचा माल' म्हणतो तेव्हा बहुधा याच पट्ट्याबद्दल बोलत असतो.

सांगताना

क्यू कारागिराकडे ठेवून येऊ नका. मापासाठी दोन गोल काठ्या कापून घ्या: एक बटाच्या लांबी-जाडीची, दुसरी शाफ्टची, टोपणासकट. त्यावर तुमचं नाव लिहा आणि त्याच त्याच्याकडे द्या. कागदावर काढलेल्या चित्रापेक्षा काठी कधी खोटं बोलत नाही.

चामडं चौरस फुटांवर विकतात. म्हणून खर्चाचा अंदाज स्वतः काढता येतो. पेटी ३४ इंच लांब आणि घेर १५ इंच धरला तर अंगालाच ५१० चौरस इंच, म्हणजे साडेतीन चौरस फूट. झाकण, बूड, दोन खिसे आणि पट्टा मिळून आणखी दोन-अडीच. कातड्याला भोकं, डाग, पोटाचा सैल भाग असतोच, त्यामुळे वाया जाणारं धरून सात-आठ फूट. त्या दिवशीचा दर विचारा आणि गुणा. मग मजुरीवर बोलणं सोपं जातं आणि कोणी कोणाला फसवत नाही.

खिसे किती? एक लांब, एक छोटा. जंप क्यूचा भाग लांब खिशात, चॉक आणि टिपचं सामान छोट्यात. चॉकच्या खिशाला आतून पुसता येणारं अस्तर द्या. निळी भुकटी फिकट चामड्यावर एकदा बसली की जन्माची सोबत. नक्षी, नाव, वाघाचं डोकं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला पट्ट्यावर आतल्या बाजूने फक्त फोन नंबर कोरून घ्यावासा वाटला.

आगाऊ अर्धे पैसे द्या, उरलेले पेटी तपासून. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात सांगू नका. जो तो घाईत असतो.

हातात आल्यावर

पहिलं काम: नाक आत घाला. चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास तीव्र असेल तर झाकण उघडं ठेवून पंख्याखाली आठ-दहा दिवस तशीच ठेवा, क्यू आत घालू नका. मग त्या दोन काठ्या घाला, झाकण लावा, पेटी उलटी धरून झटका द्या. टक असा आवाज आला तर गादी कमी आहे, त्याच दिवशी परत न्या. पट्टा लावून पेटीला पाच किलो तांदळाची पिशवी बांधा आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. सकाळी कडीपाशी टाके ताणून पांढरे दिसत असतील तर तेही परत.

पावसाळा आणि बाकीचं

बुरशीला दमट हवा, काळोख आणि साचलेली हवा लागते. कपाटाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पेटी म्हणजे तिला आमंत्रणच. सुती खोळीत ठेवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याला एकदा तरी झाकण उघडून हवेवर ठेवा. प्रत्येक नळीत सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारी घेतली की कधी वाळवायची ते कळतं. भिजली तर आधी क्यू काढा, सुक्या फडक्याने टिपा आणि सावलीत वाळवा. हेअर ड्रायर, ऊन, गॅसची शेगडी, काही नको. चामडं आकसतं आणि शिवण ओढली जाते.

तेलाबद्दल घराघरात मतं आहेत. खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, उन्हात वास मारतं आणि चामडं काळपट करतं. सालीच्या चामड्याला वर्षातून एक-दोनदा बेताचं नीट्‌सफूट तेल (गुरांच्या खुरा-नळ्यांपासून काढलेलं) किंवा मेणाचं मलम, तेही बोटभर. क्रोमला एवढंही लागत नाही.

बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा पन्नासच्या वर सहज जातो, सोल्युशन सैल होऊन अस्तर सुटतं आणि क्यू वाकतो तो वेगळाच. विमानाने जाणार असाल तर क्यू केबिनमध्ये चालत नाही, सामानात द्यावा लागतो. त्यासाठी चामड्याची पेटी कडक बॅगेत घालून, भोवती कपडे कोंबून पाठवा. खांद्याचा पट्टा काढून आत ठेवा, सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर अडकून त्याची कडी पहिली तुटते.

गेल्या जूनमध्ये माझ्या पेटीची खालची कडी सैल झाली. कोल्हापूरला एका लग्नाला गेलो होतो, पेटी बरोबर घेतली. ज्यांनी पट्टा शिवला त्यांच्याच दुकानात गेलो. त्यांनी जुना दोरा रापीने कापून काढला, आरी आधीच्याच भोकांतून घातली, मेणाचा दोरा दोनदा ओढून घेतला. वीस मिनिटं लागली. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांगा दोन."